लिनक्स टाकल्यावर कीबोर्डचा दिवा निळाच का राहतो? ओपन सोर्स ड्रायव्हर सोप्या मराठीत

"हे निळं निळं काय लावलंय बे? आकडेच दिसंनात."

रात्री साडेनऊची वेळ. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लॅपटॉप उचलून माझ्यासमोर आणून ठेवला. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या दोन टॉवेल कारखान्यांचे हिशेब ते बघतात आणि जीएसटीचे आकडे रात्री जेवण झाल्यावर घरी बसून भरतात. लॅपटॉप माझ्या पुतण्याचा जुना. गेमिंगसाठी घेतलेला, त्यामुळे कळांखाली रंगीत दिवे. विंडोज होतं तोवर कंपनीच्या प्रोग्रॅममधून ते दिवे केशरी करून ठेवले होते आणि आप्पांची काही तक्रार नव्हती.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. नोंदणी केली तर आणखी वर्षभर सुरक्षा अपडेट मिळतील अशी सोय ठेवली, पण ती नुसती मुदतवाढ. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि आमचा सातव्या पिढीचा. चांगलं चालणारं यंत्र टाकून द्यायचं मनाला पटेना, म्हणून मी त्यावर उबुंटू टाकलं. उबुंटू म्हणजे लिनक्सचाच एक घरगुती वापराचा प्रकार. वायफाय चाललं, प्रिंटर चालला, आवाज आला. कीबोर्डचा दिवा मात्र चालू केल्या केल्या भडक निळा, आणि तो बदलायची सोय कुठंच नाही.

रंगाचा हट्ट म्हणजे पोरखेळ असं वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो. वय वाढतं तशी डोळ्यातली भिंग पिवळसर होत जाते आणि ती निळा प्रकाश अडवते. मोतिबिंदू सुरू झाला असेल तर आणखीनच. तरण्या डोळ्याला झगझगीत दिसणारी निळी अक्षरं सत्तरीच्या माणसाला धूसर दिसतात. केशरी प्रकाश त्या भिंगातून बराच नीट आत जातो. आप्पांना रंगाची हौस नव्हती, सात आणि एक यातला फरक दिसायला हवा होता.

तो दिसावा म्हणून मी जे शोधलं आणि बसवलं, त्याला ओपन सोर्स ड्रायव्हर म्हणतात. विंडोज १० वरून लिनक्सकडे वळलेल्या बऱ्याच जणांची गाडी नेमकी इथंच अडते, म्हणून पायापासून मांडतो.

## एका कळेखाली तीन दिवे

कळेखाली जो ठिपक्याएवढा एलईडी असतो त्यात खरं तर तीन दिवे असतात: लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येकाला शून्य ते २५५ पर्यंत कितीही जोर देता येतो. तिन्ही २५५ म्हणजे पांढरा. फक्त निळा २५५ म्हणजे आप्पांचा शत्रू. २५६ गुणिले २५६ गुणिले २५६ केलं की १,६७,७७,२१६ येतात, म्हणून खोक्यावर "१.६७ कोटी रंग" छापलेलं असतं.

म्हणजे रंग बदलायचा तर दिव्याला फक्त तीन आकडे पोचवायचे. कुठल्या वाटेनं पोचवायचे, एवढाच सगळा घोळ आहे.

## आकडे कुठल्या वाटेनं जातात?

ढोबळमानानं तीन वाटा आहेत, आणि आपली वाट कुठली हे कळल्याशिवाय काहीही डाउनलोड करू नका. बऱ्याच लोकांना ड्रायव्हरची गरजच नसते.

पहिली वाट अगदी साधी. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वायरच्या कीबोर्डात पुष्कळदा दिव्याची दोरी स्क्रोल लॉक या कळेला बांधलेली असते. विंडोजमध्ये ती कळ दाबली की दिवा लागतो. लिनक्सच्या बऱ्याच डेस्कटॉपवर स्क्रोल लॉक दाबून काहीच होत नाही, आणि लोकांना वाटतं कीबोर्ड बिघडला. बिघडलेला नसतो. 'ब्राइटनेस-सीटीएल' (brightnessctl) नावाचं छोटं साधन बसवून त्यातून स्क्रोल लॉकचा दिवा चालू केला की सगळा कीबोर्ड उजळतो. यात ड्रायव्हरचा संबंध येत नाही.

दुसरी वाट यूएसबीची. बाहेरून जोडलेले रंगीत कीबोर्ड आणि काही लॅपटॉपचे आतले कीबोर्डसुद्धा यूएसबीवरच बसवलेले असतात. यांना साध्या प्रोग्रॅममधूनच निरोप पाठवता येतो. ओपनआरजीबी नावाचा मोफत प्रोग्रॅम याच कामाचा आहे आणि तो वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकाच खिडकीतून चालवतो. रेझर कंपनीच्या कीबोर्डसाठी ओपनरेझर आहे, तो मात्र ड्रायव्हरसकट येतो.

तिसरी वाट आमच्या लॅपटॉपची, आणि खरी किचकट हीच. लॅपटॉपच्या आतल्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, मुख्य प्रोसेसरखेरीज एक छोटा नियंत्रक असतो. बॅटरी किती भरायची, पंखा किती फिरवायचा, झाकण मिटलं की काय करायचं, कळांचे दिवे कसे लावायचे, हे सगळं तो बघतो. कारखान्यात मालक प्रत्येक कामगाराशी बोलत नाही, मुकादमाशी बोलतो. हा तो मुकादम. त्याच्याशी बोलायचे शब्द लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातच कायम भरलेल्या मूळ प्रोग्रॅममध्ये, ठरलेले असतात. प्रत्येक कंपनीचे शब्द वेगळे. आणि ते शब्द कंपनीनं फक्त स्वतःच्या विंडोजवरच्या प्रोग्रॅमला शिकवलेले असतात.

वाट ओळखायची सोपी खूण आहे. आधी एफएन कळ धरून दिव्याचं चिन्ह असलेली कळ दाबून बघा. रंग बदलला तर मुकादम थेट कळेचंच ऐकतोय, तुम्हाला काहीच करायला नको. आमच्याकडे उजेड कमी-जास्त व्हायचा, रंग मात्र हलत नव्हता. त्यानंतर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या खिडकीत, जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी काढली, तर त्यात कॅमेरा होता, ब्लूटूथ होतं, कीबोर्ड नव्हता. म्हणजे गाठ मुकादमाशी होती.

## मग ड्रायव्हर नेमकं काय करतो?

सोलापूरच्या माणसाला हे समजवायला जॅकार्डच्या मागाइतकं चांगलं उदाहरण नाही. चादरीवर मोर उमटतो तो कसा? डिझायनर आलेखाच्या कागदावर मोर काढतो. मागाला मोर कळत नाही. मागाला फक्त एवढंच कळतं की या फेरीला उभ्या धाग्यांपैकी कुठले उचलायचे आणि कुठले खाली ठेवायचे. म्हणून कागदावरच्या प्रत्येक ओळीसाठी पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडतात. भोक आलं की हुक वर जातो, त्याला बांधलेला धागा उचलला जातो आणि खालून आडवा धागा निघून जातो. जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये हे यंत्र बसवलं. आज पुठ्ठ्याच्या जागी पुष्कळ मागांवर संगणकाची फाइल आली तरी काम तेच.

ड्रायव्हर म्हणजे ती कार्डं. एका बाजूला माणसाची इच्छा, "केशरी कर". दुसऱ्या बाजूला मुकादमाला कळणारा आकड्यांचा निरोप. मधलं भाषांतर ड्रायव्हर करतो.

लिनक्समध्ये हे भाषांतर फार सरळ दिसतं, आणि मला ते मनापासून आवडतं. ड्रायव्हर नीट बसला की 'सिस' नावाच्या फोल्डरात, 'क्लास' आणि त्यात 'एलईडीज' अशा वाटेनं गेलं की कीबोर्डच्या दिव्याचा एक फोल्डर दिसतो. त्यात 'ब्राइटनेस' नावाची फाइल असते. तिच्यात शून्य लिहिलं की दिवा बंद. ज्या ड्रायव्हरांनी नवी पद्धत घेतली आहे त्यांच्यात रंगासाठी 'मल्टी इंटेन्सिटी' नावाची आणखी एक फाइल असते, त्यात तीन आकडे लिहायचे. ही पद्धत ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.९ पासून आहे. डिस्कवर या फायली नसतातच. तिथं लिहिलेला आकडा ड्रायव्हर उचलतो आणि मुकादमाच्या भाषेत पुढं सांगतो.

## कंपनीनं सांगितलं नाही, तर शब्द कळले कसे?

हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून थोडा थांबतो.

समजा तुम्हाला तेलुगू येत नाही आणि पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात मुकादम फक्त तेलुगूच बोलतो. तुम्ही काय कराल? बाजूला उभं राहून ऐकाल. मालकानं एक शब्द उच्चारला आणि माग थांबला. दुसरा उच्चारला आणि सुरू झाला. चार वेळा ऐकलं की अर्थ लागतो.

यूएसबी कीबोर्डच्या बाबतीत लोक अगदी असंच करतात. कंपनीचा प्रोग्रॅम विंडोजवर चालवतात आणि वायरशार्क नावाच्या साधनानं वायरीतून जाणारे आकडे टिपून घेतात. प्रोग्रॅममध्ये लाल निवडला की एक निरोप जातो, त्यात कुठंतरी २५५, ०, ० दिसतं. हिरवा निवडला की नेमक्या त्याच जागी ०, २५५, ० येतं. बाकी निरोप जसाच्या तसा. म्हणजे रंगाची जागा सापडली. मग उजेड बदलायचा, बाकी काही हलवायचं नाही, आणि पुन्हा बघायचं. एका वेळी एकच गोष्ट.

मुकादमाची वाट असेल तर फर्मवेअरमधल्या तक्त्यांची प्रत काढतात आणि ती माणसाला वाचता येईल अशा रूपात उलगडतात. शेकडो ओळींमधून दिव्याचा शब्द शोधायचा. हे काम करणारे बहुतेक जण नोकरी सांभाळून रात्री बसणारे हौशी लोक असतात. त्यांनी शोधलेले शब्द ते लपवत नाहीत. ड्रायव्हरचा सगळा मजकूर (सोर्स कोड) उघड ठेवतात, कुणीही वाचावा, वापरावा, सुधारावा असा परवाना देऊन. ओपन सोर्स ते हेच. काही ठिकाणी कंपन्याही हातभार लावतात. जर्मनीत आउग्सबुर्गला टक्सेडो नावाची कंपनी आहे, ती लिनक्सचेच लॅपटॉप विकते आणि कीबोर्डच्या दिव्याचे ड्रायव्हर उघड ठेवते.

## कर्नेलमध्ये शिरणं ही मोठी गोष्ट का आहे?

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी, डिस्क, प्रोसेसर यांचा ताबा त्याच्याकडे असतो.

आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे हे लगेच कळेल. घरातले नळ तुमचे. कुठला उघडायचा, कधी बंद करायचा, तुमची मर्जी. एखादा नळ गळला तर ओट्यावर पाणी सांडेल, एवढंच. पण रस्त्यावरचा मोठा व्हॉल्व्ह महापालिकेचा पाणी सोडणारा माणूसच फिरवतो. तो चुकला तर अख्ख्या पेठेला पाणी नाही.

ब्राउझर, ऑफिस, ओपनआरजीबीसारखे प्रोग्रॅम म्हणजे घरातले नळ. कर्नेलमध्ये बसणारा ड्रायव्हर म्हणजे व्हॉल्व्हची चावी. १९ जुलै २०२४ ला जगभर विमानतळ आणि बँका ठप्प झाल्या ते आठवत असेल. क्राउडस्ट्राइक कंपनीचा सुरक्षा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसलेला होता, त्याला एक चुकीची फाइल मिळाली, आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानं ८५ लाख यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. तो तर नामांकित कंपनीचा, पैसे देऊन घेतलेला ड्रायव्हर होता.

म्हणून कीबोर्डच्या रंगासाठी चावी देताना चार वेळा विचार करावा. वाट पहिली किंवा दुसरी असेल आणि साध्या प्रोग्रॅमनं काम भागत असेल, तर कर्नेलला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

## बसवायचं कसं, आणि कुठल्या क्रमानं

टर्मिनलमधल्या आज्ञा मी इथं देत नाही. त्या प्रत्येक ड्रायव्हरच्या वेगळ्या असतात आणि कुठल्याही लेखातून उचलून टाईप करणं धोक्याचं. ड्रायव्हरसोबत 'रीडमी' नावाची फाइल असते, आज्ञा तिच्यातूनच घ्याव्यात. क्रम आणि त्यामागचं कारण मात्र सगळीकडे जवळपास सारखं आहे.

आधी बघायचं की कर्नेलमध्ये आधीपासून सोय आहे का. थिंकपॅड, डेल, एसूस यांच्या बऱ्याच लॅपटॉपचे ड्रायव्हर कर्नेलसोबतच येतात. काही वेळा नुसतं नवं कर्नेल घेतलं तरी दिवा हाताशी येतो.

नसेल तर आपल्या लॅपटॉपचं नेमकं मॉडेल काढायचं. खोक्यावरचं दिमाखदार नाव इथं चालत नाही, यंत्राच्या फर्मवेअरमध्ये नोंदलेलं नाव लागतं. एकाच नावाखाली दोन वर्षांत दोन वेगळे मुकादम बसवलेले असू शकतात. ड्रायव्हरच्या रीडमीत चालणाऱ्या मॉडेलांची यादी असते. आमचं मॉडेल पहिल्या ड्रायव्हरच्या यादीत नव्हतं, अगदी शेजारचं होतं, शेवटचा एकच आकडा वेगळा. मोह झाला होता. मी तो आवरला आणि दुसरा ड्रायव्हर शोधला, ज्यात आमचं मॉडेल अक्षर न् अक्षर होतं.

मग ड्रायव्हर 'बांधायचा'. डाउनलोड होतो तो वाचता येणारा मजकूर. त्यापासून यंत्राला कळणारा तुकडा बनवावा लागतो आणि तो तुमच्या कर्नेलच्या मापाचाच असावा लागतो. हे माप कर्नेल हेडर्स नावाच्या फायलींत असतं. ३८४ हुकांच्या जॅकार्डसाठी पाडलेली कार्डं ४८० हुकांच्या यंत्रावर चालत नाहीत, तसंच हे. बांधताना "हेडर्स सापडले नाहीत" असा संदेश आला तर घाबरू नका, चालू कर्नेलच्या नेमक्या आवृत्तीचे हेडर्स बसवले की काम पुढं जातं. नवख्यांचं घोडं बहुतेक वेळा इथंच पेंड खातं.

यापुढची सूचना मी हात जोडून करतो. बांधलेला ड्रायव्हर लगेच कायमचा बसवू नका. आधी हातानं, तात्पुरता चढवा. असा चढवलेला ड्रायव्हर रीस्टार्ट केल्यावर आपोआप उतरतो. यंत्र अडकलं, कीबोर्ड मेला, काहीही झालं तरी बंद करून चालू केलं की बहुतेक वेळा जैसे थे. मी शनिवारी सकाळी, आप्पांच्या सगळ्या फायली पेनड्राइव्हवर काढून घेऊन, असा चढवला. कर्नेलची नोंदवही उघडून बघितली. त्यात एक ओळ होती की बाहेरच्या ड्रायव्हरमुळं कर्नेल 'टेंटेड' झालं आहे. हा शब्द वाचून धस्स होतं, पण अर्थ एवढाच की मूळ संचाबाहेरचं काहीतरी आत आलंय, उद्या बिघाडाची तक्रार केलीत तर हे लक्षात घेतलं जाईल.

दोन दिवस असं वापरून मगच डीकेएमएसकडे दिला. हे डीकेएमएस म्हणजे पगारावर ठेवलेला कार्डं पाडणारा. उबुंटूनं कर्नेल बदललं, म्हणजे नवा माग आणला, की तो त्याच्या मापाची कार्डं आपणहून पुन्हा पाडतो. हे केलं नाही तर एखाद्या सकाळी अपडेटनंतर दिवा पुन्हा निळा होतो आणि का झाला ते कळत नाही.

## "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस": हा काय प्रकार?

तात्पुरता चढवताना मला पहिल्यांदा हाच संदेश आला. कारण होतं सिक्युअर बूट. यंत्र सुरू होताना गाभ्यात जे जे शिरतं त्यावर ओळखीची सही आहे का, हे ही व्यवस्था तपासते. घरी बांधलेल्या ड्रायव्हरवर सही कुणाची असणार?

अनेक ठिकाणी सल्ला मिळतो की सिक्युअर बूट बंदच करून टाका. मला हा सल्ला पटत नाही. एका दिव्यासाठी घराचं कुलूप काढून ठेवण्यातला तो प्रकार आहे. योग्य उपाय म्हणजे ड्रायव्हरवर स्वतःची सही करून ती यंत्राकडे नोंदवणं. तिला मशीन ओनर की म्हणतात, मालकाची किल्ली. उबुंटूत ही किल्ली नोंदवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो साध्या आकड्यांचा ठेवा, कारण एकदाच लागतो. रीस्टार्ट केलं की एक निळा पडदा येतो आणि थोडे सेकंद थांबतो. तेवढ्यात कुठलीही कळ दाबायची, "एनरोल" निवडायचं, पासवर्ड द्यायचा. वेळ हुकली तर यंत्र सरळ सुरू होतं आणि किल्ली नोंदली जात नाही.

हा पडदा मुद्दाम असा केलेला आहे. इंटरनेटवरून घुसलेल्या चोराला तुमच्या खुर्चीत बसून कळ दाबता येत नाही.

## "फुकटचं आहे, त्यात व्हायरस असला तर?"

प्रश्न रास्त आहे आणि "ओपन सोर्स म्हणजे सुरक्षितच" हे उत्तर चुकीचं आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपन सोर्स साधनात चोरदरवाजा सापडला. दोनेक वर्षं मदतनीस म्हणून वावरलेल्या कुणीतरी तो बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्यानं खोदत जाऊन तो पकडला. मजकूर उघड होता म्हणून त्याला शोधता आलं, आणि उघड असूनही तो आत शिरला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तेव्हा बघायचं ते हे: ड्रायव्हरवर किती लोकांची नजर आहे, शेवटची दुरुस्ती कधी झाली, लोकांनी मांडलेल्या अडचणींना उत्तरं मिळतात का. व्हिडिओखाली दिलेल्या कुठल्याशा लिंकवरून आलेली तयार फाइल तर अजिबात नको. ज्या ड्रायव्हरचा मजकूर समोर नाही, तो ओपन सोर्स नाहीच.

## "लॅपटॉपच बाद झाला तर?"

असं घडलेलं आहे. २०१३ च्या सुरुवातीला सॅमसंगच्या काही लॅपटॉपवर लिनक्स सुरू करताच ते कायमचे बंद पडल्याच्या तक्रारी आल्या. संशय कर्नेलमधल्याच सॅमसंग लॅपटॉपच्या ड्रायव्हरवर गेला, आणि नव्या पद्धतीच्या फर्मवेअरवर तो चालूच होणार नाही अशी दुरुस्ती करावी लागली. नंतर कळलं की मूळ दोष फर्मवेअरचाच होता, त्याची साठवणीची जागा जास्त भरली की यंत्र उठतच नव्हतं. तरी गाभ्यातल्या ड्रायव्हरची गडबड कुठवर जाऊ शकते, हे यातून दिसतं.

शेजारच्या मॉडेलचा मोह आवरायला मी का सांगतोय, ते आता कळलं असेल. तुमचं मॉडेल यादीत नसेल तर "जबरदस्तीनं चढव" असा पर्याय वापरू नका. त्याऐवजी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना मॉडेलचं नाव आणि कर्नेलची नोंदवही पाठवा. कित्येक मॉडेलं यादीत अशीच आली आहेत.

## "कंपनीच का देत नाही?"

लिनक्स वापरणारे गिऱ्हाईक थोडे, एवढं एक कारण. दुसरं असं की दिव्यांची भाषा सगळ्यांची सारखी असावी असं बराच काळ कुणालाच वाटलं नाही. ते आता बदलतंय. यूएसबीच्या प्रमाणात 'लॅम्प ॲरे' नावाची सामाईक भाषा आली आहे आणि विंडोज ११ मध्ये २०२३ साली आलेली डायनॅमिक लायटिंगची सोय तिच्यावरच चालते. ही भाषा बोलणारे कीबोर्ड वाढले तर दर मॉडेलला वेगळा ड्रायव्हर लिहायची वेळ येणार नाही. नवा कीबोर्ड घेणार असाल तर दुकानात हे जरूर विचारा.

## रीस्टार्ट केलं आणि पुन्हा निळा

ड्रायव्हर बसला, रंग बदलला, आणि दुसऱ्या दिवशी आप्पांनी पुन्हा हाक मारली. निळा परत आला होता. बिघाड काही नव्हता. दिलेला रंग मुकादम लक्षात ठेवत नाही, वीज गेली की त्याच्या मूळ रंगावर जातो. आमच्या ड्रायव्हरला सुरू होतानाच रंग सांगायची सोय होती, कर्नेलच्या सेटिंग फोल्डरात एक ओळ लिहून ठेवली की झालं.

ती ओळ लिहिताना एक गोष्ट कळली. पडद्यावर २५५, १४०, ० हा छान केशरी दिसतो, पण कळांवर तोच हिरवट पिवळा पडला, कारण या एलईडीतला हिरवा दिवा फार जोरकस आहे. हिरवा कमी करत करत ७० वर आणला तेव्हा मनासारखा केशरी आला. आप्पा शेजारीच बसले होते. त्यांनी आकड्यांच्या ओळीवरून बोट फिरवलं, सातावर थांबले, एकावर थांबले.

"दिसतंय," म्हणाले. "पण जरा कमी कर की. डोळ्यावर येतंय."

उजेडाच्या फाइलमधला आकडा निम्मा केला.